पत्रा न कापता गाणं

जुनी फियाट घ्यायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याआधी डॅशबोर्ड पाहा. इंजिनाला नवे पिस्टन बसतात, सीटचं रेक्झिन बदलता येतं, गंजलेलं मडगार्डही ठाकठीक होतं. पण डॅशबोर्डवर रेडिओच्या जागी कुणी हॅक्सॉ चालवला असेल, तर तो पत्रा पुन्हा मूळचा करणं महाकठीण. वेल्डिंग करा, लांबी भरा, रंग मारा. तिरपं ऊन पडलं की जोड दिसतोच.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ‘११०० डी’ बाहेर पडू लागली. पुढे तिचीच ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली. आता ज्या फियाट धावतात त्या बहुतेक हौशी मालकांच्या. रविवारी सकाळी लोणावळ्याकडे निघताना त्यांना फोनमधली गाणी ऐकावीशी वाटतात, आणि त्यात काहीही गैर नाही.

अडचण मापाची आहे. आजचा साधा डेक ज्या खाचेत बसतो तिचं माप जगभर ठरलेलं आहे : १८२ मिलिमीटर रुंद आणि ५३ मिलिमीटर उंच. मुळात हे जर्मनीचं ‘डिन’ मानक; नंतर ते आंतरराष्ट्रीय झालं. जुन्या पद्धतीचा रेडिओ मात्र दोन दांड्यांचा. एका बाजूला आवाजाचा, दुसऱ्या बाजूला स्टेशनचा आणि मध्ये काट्याची लांबट खिडकी. त्याच्यासाठी पत्र्याला दोन गोल भोकं आणि एक लहान चौकट एवढंच लागे. कॅसेटची लाट आली तेव्हा काहींनी डेक डॅशबोर्डखाली पट्टीवर टांगला. बाकीच्यांनी दोन भोकांमधला पत्रा कापला आणि वर प्लास्टिकची चौकट लावून टाकली. तेही गाण्याच्या प्रेमापोटीच झालं, म्हणून त्यांना बोल लावावासा वाटत नाही. पण तो डॅशबोर्ड आज कुठल्याही कारखान्यात बनत नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे : पुढचा चेहरा आहे तसा ठेवा, आवाज मागून आणा. ही आजची टूमही नाही. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये ‘मोटोरोला’ काढला, जर्मनीत ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये ‘ऑटोसुपर’. व्हॉल्व्हचे ते रेडिओ इतके अवजड होते, की डॅशबोर्डात मावायचा प्रश्नच नव्हता. पेटी आडोशाला आणि ‘ऑटोसुपर’ चालवायची कळ स्टिअरिंगच्या दांड्याशी. आज सीटखाली ब्लूटूथचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर लपवणारा माणूस त्याच जुन्या वाटेने जातो आहे.

खुंटी फिरवल्याशिवाय ज्यांना गाणं लावल्यासारखं वाटत नाही, त्यांच्यासाठी जुन्या तोंडवळ्याचे नवे रेडिओ मिळतात. त्यांच्या दांड्यांमधलं अंतर कमीजास्त करता येतं, त्यामुळे मूळचीच भोकं कामी येतात. पोर्शने तर आपल्या जुन्या मोटारींसाठी असे रेडिओ स्वतःच काढले. मला सगळ्यांत आवडते ती तिसरी रीत : मूळ रेडिओचं पोट मोकळं करून आत नवा सर्किट बोर्ड बसवायचा, काच, काटा, खुंट्या सगळं जुनंच. त्या काळच्या बहुतेक रेडिओंवर एफएम नव्हतंच, ते असं आतून येतं. हे काम कुणालाही देऊ नका. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारत फिरा, जुने रेडिओ उघडलेला कारागीर शोधा आणि काढलेलं पोट डब्यात भरून जपून ठेवा.

काढलेले मूळ भाग जपावेत आणि बदल शक्यतो पुन्हा उलटवता येण्याजोगा असावा, हेच जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२च्या ‘ट्युरिन सनदे’त सांगितलं आहे. आपल्याकडे २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो, तोही गाडी मूळ रूपात असेल तर. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्या आहेत.

आता विजेचं. डेकच्या खोक्यावर ‘५० वॉट × ४’ असं ठसठशीत छापलेलं असतं. हिशेब करून पाहा. गाडीत फार तर १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर चार ओहमचा. एवढ्यात स्वच्छ स्वर सव्वीस वॉटच्या पुढे जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात विसाच्या आसपास मिळतात. पन्नासचा आकडा येतो तो आवाज पुरता फाटल्यावर. फियाटच्या छोट्या केबिनला वीस वॉट भरपूर झाले. डायनामोवरच्या गाडीला जास्त झेपतही नाही : पावसाळी रात्री सिग्नलला उभं असताना डायनामो जेमतेम काही देतो, आणि हेडलाइट-वायपर बॅटरीच पीत असतात. अशा गाडीत कमी वीज खाणारा ‘क्लास डी’ अ‍ॅम्प्लिफायर शहाणपणाचा.

जोडणी करताना डेकची पिवळी वायर थेट बॅटरीवरून न्यावी आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवावा. वाटेत वायर घासली तर आग तिथेच थांबते. पन्नास वर्षांच्या कडक झालेल्या वायरिंगवर नवा भार टाकू नये. पिवळीवर डेकची स्मृती जागी राहते आणि गाडी बंद असतानाही ती थोडी वीज खाते. दहा मिलिअँपिअर धरले, तरी महिन्याला सात अँपिअर-तास जातात. महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला कट-ऑफ स्विच हवाच. मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेला असतो. तिथे नवा डेक तपासल्याशिवाय जोडला तर तो जळालाच समजा.

स्पीकरच्या वायरी हा सर्वाधिक फसवणारा भाग. जुना रेडिओ बरेचदा स्पीकरची एक वायर बॉडीलाच जोडायचा. नव्या डेकची एकही स्पीकर वायर बॉडीला टेकता कामा नये, नाहीतर आतली चिप जाते. जुन्या वायरींवर खुणाही उरलेल्या नसतात. अशा वेळी डेक सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यायचा आणि दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. ‘टक्’ असा आवाज येतो आणि कोन हलतो. पुढे आला तर सेलचं पॉझिटिव्ह टोक ज्या वायरला लागलं ती पॉझिटिव्ह. दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले तर तबल्याचा डग्गा हरवतो, आणि माणूस उगाच नवा वूफर घ्यायला धावतो. डॅशबोर्डात एकाच स्पीकरची जाळी असेल तर दरवाजे कापू नका. दोन कॉइलचा एकच स्पीकर मिळतो. डावा-उजवा दोन्ही त्याच जाळीतून वाजतात.

सगळं झाल्यावर इंजिन चालू करा आणि कान द्या. वेगाबरोबर वाढणारी टकटक इग्निशनची असते. तिला रेझिस्टर असलेल्या प्लग कॅप आणि कॉइलवरचा कंडेन्सर आवर घालतात. वेगाबरोबर चढत जाणारी बारीक शीळ डायनामोची, किंवा अर्थ दोन ठिकाणी घेतल्याची. अर्थ एकाच जागी, पत्रा खरवडून घट्ट करा.

एरियलसाठी मडगार्डला नवं भोक पाडू नका. शंभर मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीची लांबी तीन मीटर. तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर. जुनी ओढायची काठी साधारण तेवढी बाहेर काढली की एफएम नीट धरते. फक्त तिच्या बुडाशी चढलेला गंज आधी पॉलिश पेपरने साफ करा.