.४०५ विंचेस्टर

.४०५ विंचेस्टर हे अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने १९०४ मध्ये बाजारात आणलेले रायफलीचे काडतूस आहे. ते विंचेस्टर मॉडेल १८९५ या तरफेवर चालणाऱ्या, म्हणजे ‘लिव्हर-अ‍ॅक्शन’ रायफलीसाठी तयार करण्यात आले. मोठ्या श्वापदांच्या शिकारीसाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते आफ्रिकेत व भारतात वापरले गेले. पुढे अधिक वेगवान काडतुसे आली आणि हे माप मागे पडले. भारतात आज या मापाची रायफल मुख्यतः वारसाहक्काने मिळालेली वस्तू म्हणूनच आढळू शकते.

तरफेच्या रायफलीची रचना

तरफेच्या रायफलीत चापाभोवतीचे संरक्षक कडे मागे वाढवून त्याचीच तरफ केलेली असते. उजव्या हाताने ही तरफ खाली व पुढे ढकलली की नळीचे मागील तोंड बंद करणारा ठोकळा मागे सरकतो, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते आणि घोडा चढतो. तरफ परत वर ओढली की नवे काडतूस नळीत जाऊन बसते. या क्रियेत रायफल खांद्यावरून उतरवावी लागत नाही. त्यामुळे दुसरी गोळी त्वरेने झाडता येते.

हेन्री (१८६०) व विंचेस्टरच्या १८६६, १८७३ आणि १८९४ च्या रायफलींत काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकापुढे एक ठेवलेली असत. तेथे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते. टोकदार गोळी वापरल्यास धक्क्याने पुढचे काडतूस पेटण्याचा धोका असतो, म्हणून अशा रायफलींसाठी चपट्या टोकाच्या गोळ्या वापरल्या जात. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी आरेखित केलेल्या मॉडेल १८९५ मध्ये ही अडचण दूर झाली. या रायफलीत काडतुसे चापापुढील पेटीत एकावर एक राहतात. परिणामी टोकदार गोळ्यांची व अधिक शक्तीची काडतुसे या तरफेच्या रायफलीत सुरक्षितपणे वापरता येऊ लागली.

मूळ मॉडेल १८९५ च्या सुमारे ४,२५,००० रायफली तयार झाल्या. त्यांपैकी सुमारे २,९४,००० पहिल्या महायुद्धाच्या काळात रशियन सैन्यासाठी, रशियाच्या ७.६२ मिलिमीटर मापात बनविण्यात आल्या. .४०५ मापाच्या रायफली त्या मानाने थोड्या आहेत.

काडतुसाचे स्वरूप

.४०५ चे टरफल जवळजवळ सरळ व बुडाशी कडा असलेले असून त्याची लांबी सुमारे ६५.६ मिलिमीटर असते. त्यात धूररहित दारू भरली जाते. मूळ गोळीचे वजन ३०० ग्रेन, म्हणजे सुमारे १९.४ ग्रॅम, आणि व्यास सुमारे १०.४ मिलिमीटर होता. नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ६७० मीटर आणि ऊर्जा सुमारे ४,३७० जूल असे. आपल्या काळातील तरफेच्या रायफलींसाठी केलेल्या काडतुसांत ते सर्वांत शक्तिशाली मानले जाई.

याच रचनेत त्याच्या मर्यादाही होत्या. गोळी जाड व बोथट असल्याने हवेचा अवरोध अधिक होई आणि दूर अंतरावर तिचा वेग झपाट्याने घटे. जाड कातडीच्या प्राण्यांत ती पुरेशी खोल जात नसे. म्हणून वाघ, सिंह, अस्वल यांसाठी ती समर्थ असली, तरी हत्ती किंवा रानगवा यांच्यासाठी ती अपुरी ठरे.

प्रसिद्धी व उतार

अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९-१० च्या आफ्रिका मोहिमेत .४०५ मापाची मॉडेल १८९५ रायफल नेली होती. त्यांच्या प्रवासवर्णनामुळे हे माप जगभर ओळखीचे झाले. तथापि १९०६ मध्ये .३०-०६ आणि १९१२ मध्ये .३७५ हॉलंड अँड हॉलंड ही काडतुसे आली. पहिले लांब पल्ल्यासाठी, तर दुसरे मोठ्या श्वापदांसाठी अधिक सोयीचे होते. या दोहोंमध्ये .४०५ साठी वेगळी जागा उरली नाही. १९३० च्या दशकात मूळ रायफलीची विक्री संपत आली आणि शतकाच्या मध्यानंतर काडतुसेही दुर्मीळ झाली. २००० नंतर रायफल व काडतूस या दोहोंचे मर्यादित पुनरुत्पादन सुरू झाले.

भारतातील वापर

ब्रिटिश सरकारला लष्करी काडतुसे बंडखोरांच्या हाती जाण्याची भीती वाटत असे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात .४५० सारख्या मापांवर बंदी आली आणि लष्कराचे .३०३ हे मापही नागरिकांसाठी निषिद्ध राहिले. .४०५ हे लष्करी माप नसल्याने ते या बंदीच्या कक्षेत येत नव्हते. दक्षिण भारतातील शिकारी व लेखक केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) यांची नेहमीची रायफल याच मापाची विंचेस्टर होती. नरभक्षक वाघ-बिबट्यांवरील त्यांच्या कथांमुळे भारतीय वाचकांना हे माप परिचित झाले.

लष्करी मापावरील याच बंदीमुळे भारतात .३१५ हे माप रूढ झाले. ऑस्ट्रियाच्या आठ मिलिमीटर काडतुसावर आधारलेल्या या मापाच्या रायफली पुढे इशापूरच्या शासकीय कारखान्यात आणि काडतुसे पुण्याजवळील खडकी येथे तयार होऊ लागली. .४०५ ला असा देशी आधार कधीच मिळाला नाही. आयात थांबताच या रायफली काडतुसांअभावी मुक्या झाल्या.

वऱ्हाडातील संदर्भ

अकोला जिल्ह्यातील पातूर हे पायनघाटाचे सपाट काळे रान संपून बालाघाटाचा चढ सुरू होतो त्या सीमेवर वसले आहे. घाटालगतच्या शिवारांत तूर, सोयाबीन, हरभरा या पिकांची रानडुकरे व रोही नासाडी करतात आणि शेतकऱ्याला रात्रभर जागल करावी लागते. अशा राखणीसाठी ग्रामीण भागात परंपरेने ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक वापरली गेली. .४०५ सारखी परदेशी रायफल मुख्यतः साधनसंपन्न शिकाऱ्यांचे हत्यार होते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर करमणुकीची शिकार कायद्याने बंद झाली. उभ्या पिकांचे नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु त्यासाठी सक्षम वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश आवश्यक असतो. केवळ बंदुकीचा परवाना असल्याने शिकारीचा अधिकार मिळत नाही, हा भेद अनेकदा दुर्लक्षिला जातो.

नेमबाजी व आस्वाद

जुन्या रायफलींचे अभ्यासक .४०५ कडे यंत्ररचनेचा एक टप्पा म्हणून पाहतात. तरफ उघडल्यावर तिचे सांधे व मागे सरकणारा ठोकळा स्पष्ट दिसतो, त्यामुळे यंत्राची क्रिया डोळ्यांनी समजून घेता येते. प्रत्यक्ष नेमबाजीत मात्र ही रायफल कठोर आहे. दस्ता बराच खाली झुकलेला आणि त्याचे टोक अरुंद असल्याने मागचा धक्का खांद्याच्या लहानशा भागावर बसतो व नळी वर उसळते. टरफल वरून बाहेर पडत असल्याने दुर्बीण मधोमध बसविणे कठीण जाते. म्हणून ती साध्या माशीनेच, मध्यम अंतरावर वापरली जाते. जुनी रायफल वापरण्यापूर्वी नळी व कुलूपयंत्रणा तज्ज्ञाकडून तपासून घेणे आवश्यक असते. साठवून ठेवलेली जुनी काडतुसे उशिरा पेटण्याची शक्यता असल्याने तीही धोकादायक ठरू शकतात.

कायदा व जतन

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. वडिलोपार्जित शस्त्रासाठीही वारसाला स्वतःच्या नावे परवाना घ्यावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेली शस्त्रेही या मर्यादेत मोजली जातात आणि अधिकची शस्त्रे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या आणि बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या शस्त्रांना कायद्यात काही सूट आहे.

जतनाचा प्रश्न येथेच उभा राहतो. दोनच शस्त्रे ठेवता येत असतील, तर काडतूस मिळणाऱ्या बंदुकीपुढे काडतूस न मिळणारी रायफल सहसा मागे पडते. जमा होणाऱ्या शस्त्रासोबत त्याचा निर्मिती-क्रमांक, जुने परवाने व घराण्यातील माहिती यांची नोंद राहिली नाही, तर वस्तू शिल्लक राहूनही तिचा इतिहास नाहीसा होतो.