पोटरीत गोळा? आधी ताण, मग तेल!

चैत्र पौर्णिमेची येरमाळ्याची यात्रा म्हणजे येडेश्वरी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या आणि डोक्यावर मराठवाड्याचं ऊन. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे निघते आणि लाखो भाविक वाकून वाकून चुनखडीचे खडे वेचतात. रात्री अंग टेकलं की पोटरी दगडासारखी घट्ट होते. कुणी म्हणतं गोळा आला, कुणी वांब, कुणी पेटके. या दुखण्याच्या आणि त्यावरच्या झाडपाल्याच्या काही भन्नाट गोष्टी.

नाव पुरातन. चरकसंहितेतल्या 80 वातविकारांमध्ये ‘पिंडिकोद्वेष्टन’ आहे. पिंडिका म्हणजे पोटरी, उद्वेष्टन म्हणजे पिळवटणं. पाय, पोटरी, मांडी, मनगट आवळणाऱ्या दुखण्याला ‘खल्ली’ असंही नाव आहे.

गोळा कॅल्शियमच बांधतं! चुनखडीत असतं तेच कॅल्शियम स्नायूला आखडायला लागतं. स्नायू सैल व्हायलाही शक्ती खर्च होते, कारण हे कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घ्यावं लागतं. पण म्हणून चुना खाऊ नका. गोळा त्यानं सुटत नाही.

पहिलं औषध हातात. गुडघा सरळ ठेवा, पायाची बोटं हळूहळू स्वतःकडे ओढा. गोळा सुटेपर्यंत ताण धरा. इतका झटपट उतार कुठल्याच पाल्यानं पडत नाही.

मग निर्गुडी. ओढ्याकाठचा हा पाला तव्यावर गरम करायचा, फडक्यात बांधायचा आणि तिळाच्या तेलानं चोळलेली पोटरी शेकायची. ऊब आणि चोळणं दोन्हींनी आखडलेपण कमी होतं. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर शेक दुसऱ्यानं हातावर तपासून द्यावा.

सुंठ, दालचिनी आणि नोबेल. रसायनशास्त्राचं 2003 चं नोबेल मिळवणारे रॉडरिक मॅकिनन यांना समुद्रात होडी वल्हवताना पेटके आले. त्यांनी शोध घेतला तो आलं, दालचिनी, मिरचीचा! या तिखटपणानं तोंड-घशातल्या नसा चाळवल्या की स्नायूकडे जाणारे भलते संदेश शांत होतात, हा त्यांचा विचार.

लोणच्याचं पाणी. अमेरिकेतल्या 2010 च्या प्रयोगात काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी प्यायल्यावर पेटका सुमारे 85 सेकंदांत गेला. इतक्यात रक्तातले क्षार बदलत नाहीत, म्हणजे इथंही काम नसांचंच. आपलं लोणचं तेलातलं, ते मात्र हे नव्हे.

जपानची जोडी. तिथं ज्येष्ठमध आणि पिओनी नावाच्या फुलझाडाचं मूळ मिळून पेटक्यांचा जुना काढा होतो. पण ज्येष्ठमध फार दिवस घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. गरोदरपणी तर टाळाच.

घामाची परतफेड. चैत्रात कैरीचं पन्हं, मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी पीत राहा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ डॉक्टरांना विचारून.

इथं थांबा. एकच पोटरी सुजली, लाल-गरम झाली तर चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. असं झालं तर लगेच दवाखाना गाठा. रोज रात्री गोळे येत असतील तर चालू गोळ्या-औषधं सोबत नेऊन डॉक्टरांना भेटा.

पुढच्या यात्रेला निघताना पिशवीत पाण्याची बाटली आणि तिळाच्या तेलाची कुपी ठेवा, आणि झोपण्याआधी दोन्ही पोटऱ्यांना ताण द्यायला विसरू नका.