कोंबड्यांच्या खाद्यात मासळीच्या कुटीला पर्याय

कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ६० ते ७० टक्के खर्च एकट्या खाद्यावर होतो. मका, तांदळाची कणी व कोंडा यांपासून कोंबडीला शक्ती मिळते. परंतु अंडे व मांस तयार होण्यास प्रथिनेच लागतात आणि खाद्यात तीच सर्वांत महाग पडतात. अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाकाठी सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात १६ ते १८ टक्के प्रथिने असणे आवश्यक असते. म्हणजेच तिला रोज १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. ती कमी पडल्यास अंडी लहान होतात व त्यांची संख्याही घटते.

गोव्यासारख्या किनारपट्टीच्या प्रदेशात ही गरज पूर्वापार वाळविलेल्या मासळीच्या कुटीने भागविली जाते. परंतु १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पावसात मासळी वाळतही नाही. परिणामी ऐन पावसाळ्यात कुटी महागते. शिवाय ती भेसळीस सोपी असते. वाळू व मीठ मिसळून वजन वाढविले जाते, तर काही वेळा युरिया घातला जातो. प्रयोगशाळेत प्रथिनांचे प्रमाण नत्रावरून काढतात. त्यामुळे युरियातील नत्रही प्रथिनांत मोजले जाते. जादा मिठाने कोंबड्या फार पाणी पितात, विष्ठा पातळ होते, गादी ओली राहते आणि लहान पिल्ले दगावतात. कुटी घेताना चिमूटभर जिभेवर ठेवून खारटपणा पाहावा व मूठभर कुटी पाण्यात ढवळावी. वाळू असल्यास ती लगेच तळाशी बसते.

प्राणिज प्रथिने कशासाठी?

प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. मक्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते. सोयाबीनच्या पेंडीत लायसीन भरपूर असले तरी मेथिओनिन कमी पडते. मासळीत ही दोन्ही आम्ले असतात. पूर्वी केवळ धान्य व पेंड खाणारी पिल्ले खुरटत आणि थोडी मासळी दिली की वाढीस लागत. १९४८ साली ब-१२ जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले, तेव्हा या फरकाचे एक महत्त्वाचे कारण उलगडले. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य खाद्यात जवळजवळ नसते. आज मेथिओनिन, लायसीन व ब-१२ बाजारात मिळतात. म्हणून मासळी अपरिहार्य राहिलेली नाही. तिच्यातील गुण मात्र दुसऱ्या वाटेने भरून काढावे लागतात. सोयाबीनच्या पेंडीवरच सर्व भिस्त ठेवणेही धोक्याचे ठरते. २०२१ साली पेंडीचे भाव इतके भडकले की केंद्र शासनाला १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली.

उपलब्ध पर्याय

रेशमाच्या कोशातील प्यूपा : कोशापासून धागा काढल्यावर प्यूपा उरतो. शेजारच्या कर्नाटकात रेशीम उद्योग मोठा असल्याने तो तेथे मुबलक असतो. वाळलेल्या प्यूपात सुमारे ५० टक्के प्रथिने व २५ ते ३० टक्के तेल असते. हे तेल लवकर खवट होते व त्याचा वास अंड्यांना लागतो. म्हणून तेल काढलेला प्यूपाच वापरावा.

कोळंबीची डोकी व साले : यांत चुना भरपूर असतो आणि त्यांतील रंगद्रव्यामुळे बलक गडद होतो. मात्र सालातील बरेचसे नत्र कायटिन या न पचणाऱ्या पदार्थात अडकलेले असते. म्हणून ती मासळीच्या बरोबरीची समजू नयेत.

रक्ताची भुकटी : हिच्यात सुमारे ८० टक्के प्रथिने असतात, परंतु आयसोल्यूसीन फार कमी असते. खाद्यात ती २ ते ३ टक्क्यांहून अधिक घालू नये.

काळ्या सैनिक माशीच्या अळ्या : ही माशी घरमाशीहून वेगळी असून चावत नाही. तिच्या अळ्या भाजीपाला, फळांचा चोथा व कोंडा यांवर साधारण दोन आठवड्यांत वाढतात. पूर्ण वाढ झालेली अळी कोरडी जागा शोधत स्वतःच बाहेर पडते; त्यामुळे ती गोळा करणे सोपे जाते. वाळलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. युरोपीय संघाने २०२१ साली कोंबड्यांसाठी कीटकांच्या प्रथिनांना मान्यता दिली. तथापि ताज्या अळीत दोन तृतीयांश पाणी असते. १०० ग्रॅम ताज्या अळ्यांतून १३ ग्रॅमच्या आसपासच प्रथिने मिळतात. परसातील दहा-बारा कोंबड्यांना त्या चांगला पूरक आहार ठरतील, पण केवळ त्यांवर मोठा कळप पोसता येणार नाही.

घ्यावयाची काळजी

अळ्यांना विष्ठा, मेलेल्या कोंबड्या किंवा कारखान्यातील मळी कधीही घालू नये. त्यांतील रोगजंतू व जड धातू अळ्यांवाटे कोंबडीत येऊ शकतात. प्राणिज खाद्य चांगले उकळून, मग पूर्ण वाळवून वापरावे, अन्यथा साल्मोनेला जंतूंचा प्रादुर्भाव होतो. मांस, हाडे व रक्त यांची भुकटी गाई-म्हशींच्या गोठ्यापासून दूर ठेवावी. अशाच भुकटीमुळे ब्रिटनमध्ये गुरांत मेंदूचा असाध्य रोग पसरला होता. तो १९८६ साली प्रथम ओळखण्यात आला.

कोणताही बदल एकदम करू नये. प्रथम मासळीचा चौथा हिस्सा बदलावा, आठवडाभर अंड्यांची संख्या व वजन लिहून ठेवावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. दोन घटकांची तुलना करताना किलोचा भाव न पाहता एक किलो प्रथिनाचा भाव काढावा. ४० रुपये किलोची ४० टक्के प्रथिनांची भेसळयुक्त कुटी घेतल्यास प्रथिन १०० रुपये किलोने पडते. तर ५० रुपये किलोच्या ६० टक्क्यांच्या चांगल्या मालात तेच सुमारे ८३ रुपयांना मिळते. एवढा हिशेब वहीत मांडण्याची सवय लावून घेतल्यास लहान कुक्कुटपालकही खाद्यात फसणार नाही.