मुक्या श्रमिकाचा श्वास

कोपर, डोंबिवली, कल्याण या बाजूच्या कुटुंबांस माथेरान म्हणजे सुटीचें हक्काचें ठिकाण. नेरळास उतरून घाट चढावा, कीं दस्तुरीच्या नाक्यावर घोडे उभे असतातच. खासगी मोटारींस पुढें मज्जाव असल्यामुळें मुलेंबाळें, वृद्ध मंडळी आणि सामानसुमान यांचा भार तेथें पुष्कळ अंशीं घोडाच वाहतो. तांबड्या धुळीच्या वाटेनें जाणाऱ्या त्या जनावराची चाल आपण कौतुकानें पाहतों. त्याच्या श्वासाकडे मात्र क्वचितच कोणाचें लक्ष जातें. आणि घोडेवाल्याचा सारा संसार तर त्या श्वासावरच चाललेला असतो!

घोडा केवळ नाकानेंच श्वास घेतो. मनुष्याप्रमाणें तोंडानें धाप टाकण्याची सोय निसर्गानें त्यास दिलेली नाहीं. वाळलेल्या गवतांतील धूळ व बुरशीचे कण, कोंदट तबेल्यांत मूत्रापासून उठणारा अमोनिया वायु, हीं त्याच्या फुप्फुसांत अहोरात्र शिरत राहिलीं म्हणजे श्वासनलिका सुजतात व त्यांत चिकट कफ सांचतो. मनुष्याच्या दम्याशीं असलेलें साम्य ध्यानीं घेऊन २०१६ सालीं पशुवैद्यक तज्ज्ञांनीं या विकाराच्या सौम्य व तीव्र अशा सर्व अवस्थांस ‘अश्वदमा’ या अर्थाचें एकच नांव सुचविलें. हा रोग सांसर्गिक नव्हे. त्यांत बहुधा ताप येत नाहीं, घोडा दाणा टाकीत नाहीं, आणि प्रारंभीं खोकलाही पुष्कळदां नसतो. उभा असतां तो निरोगी दिसतो. मात्र चढणीवर लौकर थकतो. मग कामचुकार ठरून चाबूक खातो. रोग फुप्फुसांत आणि शिक्षा पाठीस, असा हा अन्याय आहे.

म्हणूनच रोग बळावण्यापूर्वीं त्याचा शोध घेतला पाहिजे. पहिली परीक्षा तर विनामूल्य आहे. घोडा स्वस्थ उभा असतां त्याच्या कुशीची हालचाल मोजावी. निरोगी घोडा मिनिटास सुमारें ८ ते १६ श्वास घेतो. ही संख्या नित्य अधिक असेल, नाकपुड्या फुललेल्या दिसतील, श्वास सोडतांना पोट जोरानें आंत ओढलें जात असेल, किंवा काम सुरू होतांच खोकल्याची उबळ येत असेल, तर पशुवैद्यास दाखवावें. वैद्य नाकावाटें दुर्बिणीची नळी घालून श्वासनलिकेंतील कफ पाहतो. निश्चित निदानासाठीं गुंगीचें औषध देऊन फुप्फुसांत क्षारजल सोडतात, तें परत ओढून घेतात आणि त्यांतील पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतात. न्यूट्रोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी शेंकडा १० हून अधिक आढळल्या, तर दाह आहे असें समजतात. तीव्र विकारांत त्या शेंकडा २५ च्याही वर जातात.

सूज उतरविणारीं व श्वासनलिका रुंदावणारीं औषधें उपलब्ध आहेत. परंतु चारा व तबेला पूर्वींसारखाच राहिला, तर औषध थांबतांच रोग परततो. खरा उपाय घोडेवाल्याच्याच हातीं आहे. बुरसलेलें गवत टाकून द्यावें, चांगलेंही पाण्यांत भिजवून घालावें. चारा जमिनीवर ठेवावा. मान खालीं गेली म्हणजे कफ आपोआप नाकाकडे उतरतो. तबेल्यांत वारा खेळूं द्यावा, आणि घोडा आंत असतां झाडलोट करूं नये.

वाचकहो, यापुढें माथेरानास गेलांत, तर घोड्यावर बसण्यापूर्वीं एक मिनिट थांबा आणि त्याचे श्वास मोजा. उभ्या उभ्याच त्यास धाप लागलेली दिसली, तर घोडेवाल्यास सौजन्यानें तसें सांगा व त्या घोड्यास विसांवा मिळूं द्या. बोलतां येणाऱ्यांनीं मुक्या प्राण्यासाठीं एवढें बोलणें अवघड नाहीं.