बारा महिन्यांची लोकर

बीड जिल्ह्यात थंडी फार तर तीन महिने मुक्कामाला असते. बालाघाटच्या पठारावर, पाटोदा-अंबाजोगाईच्या बाजूला ती थोडी अधिक बोचते, एवढेच. अशा प्रदेशात लोकरीचे दुकान बारा महिने उघडे कसे राहते, हा प्रश्न कोणाही व्यापाऱ्याच्या मनात येईल. नगावर विकला जाणारा तयार स्वेटर आता कापडाच्या प्रत्येक दुकानात मिळतो. हाताने स्वेटर विणणारी गृहिणी मात्र विरळ होत चालली आहे.

या दुकानाला आधार आहे तो बाळंतविड्याचा. टोपडे, कुंची, पायमोजे, झबले, दुपटे यांना ऋतू नसतो. त्याच्या जोडीला लग्नसराईतील रुखवत, गौरी-गणपतीची सजावट, दिवाळीची तोरणे आणि अलीकडे क्रोशाच्या बाहुल्या व पर्सेस आल्या. थंडीची विक्री हंगामी असली, तरी घरातील मंगल प्रसंगांची विक्री वर्षभर चालते.

मात्र या धंद्यात भांडवल फार अडकून पडते. एका जाडीच्या लोकरीच्या पन्नास छटा आणि प्रत्येक छटेचे दहा गुंडे ठेवायचे म्हटले, तरी पाचशे गुंडे होतात. तीन जाडी ठेवल्या की दीड हजार. त्यांतील पांढरा, पिवळा, गुलाबी, लाल हे रंग पटापट उठतात, उरलेले फळीवर बसून राहतात. पण न खपणाऱ्या छटा काढून टाकल्या, तर रंग जुळवायला आलेले गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही.

दुसरी अडचण लॉटची. छटेचा क्रमांक तोच असला, तरी वेगवेगळ्या वेळी रंगविलेल्या मालात बारीक फरक पडतो आणि विणीत त्याचा पट्टा स्पष्ट दिसतो. म्हणून जाणता दुकानदार लागणारी सर्व लोकर एकदम घ्यायला सांगतो आणि न उघडलेले गुंडे परत घेण्याची हमी देतो. या परतीत त्याचे थोडे नुकसान होते, पण विश्वास जमा होतो.

बीडच्या शेतात कापूस पिकतो, त्याच्या गाठी बाहेर जातात. विणकामाची लोकर मात्र बव्हंशी दूर लुधियानाहून येते. तेथे 1949 मध्ये ओसवाल वूलन मिल्स आणि 1965 मध्ये वर्धमान समूह उभा राहिला. ही दोन्ही नावे जैन वाचकांना वेगळी सांगायला नकोत. आज ‘लोकर’ म्हणून जे विकले जाते, त्यातील बरेचसे मेंढीचे नसून अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे कारखान्यात तयार झालेले सूत असते. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा कृत्रिम सुतावरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, ही या व्यापाराला मिळालेली मोठी सवलत होय.

तरीही कर घटल्याने गिऱ्हाईक वाढत नाही. ज्या मुलीला सुलट-उलट टाका येत नाही, तिच्या लेखी हा सगळा माल निरुपयोगी आहे. म्हणून विणणारे हात हेच या दुकानाचे खरे भांडवल. ज्या दुकानात घरातील एखादी काकू दुपारी दोन तास बसून सुटलेला टाका उचलून देते, टोपीचे माप सांगते, तेथे सुई विकत घेणारी मुलगी पुढे वर्षानुवर्षे लोकर नेते. दुकानाच्या हिशेबात या दोन तासांना रकाना नाही, पण पुढची उलाढाल त्यांतूनच होते.

या कौशल्याला बीडमध्ये आणखी एक काम आहे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे तान्ह्या मुलांसह पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व ऐन थंडी कोपीत काढतात. नवजात बाळाच्या अंगातील बरीच ऊब उघड्या डोक्यावाटे जाते. पन्नास ग्रॅमच्या एका गुंड्यात त्याची टोपी आरामात होते. चुलीजवळ अ‍ॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटण्याचा धोका असतो, म्हणून ती सुती धाग्याची असावी. तिला लांब नाड्या वा गुंड्या लावू नयेत.

या टोपड्या दिवाळीपूर्वी तयार व्हायच्या, तर सुया चातुर्मासातच हाती घ्याव्या लागतील. लोकरीच्या दुकानात नेमके तेच महिने मंदीचे असतात आणि गावोगावी महिला मंडळे त्याच काळात रोज एकत्र येतात. दुकानदाराने धागा खरेदीभावात द्यावा, जाणत्या बायकांनी नव्या मुलींना हाताशी घेऊन शिकवावे आणि मुकादमाची गाडी हलण्याआधी टोपड्या वस्तीवर पोहोचवाव्यात. येत्या चातुर्मासात एका गावाने एवढे केले, तरी शेजारच्या गावाला वाट सापडेल.