तू तर सॉफ्टवेअरवाला, सही कर ना!

मागच्या महिन्यात गच्चीबावलीत ऑफिसखाली चहा पिताना एका जुन्या मित्राने कागद पुढे केला. त्याचा घटस्फोटाचा दावा चालू आहे. बायकोचे फोनवरचे बोलणे त्याने तिच्या नकळत रेकॉर्ड केले होते. "तू बीई झालेला. इथे तज्ज्ञ म्हणून सही कर. दोन मिनिटांचं काम!"

त्या दोन मिनिटांसाठी मी आठवडाभर वाचत बसलो.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा एकमताने निकाल दिला. त्याच्याही आधी, इथे हैदराबादेत, तेव्हाच्या आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने बायकोचे फोन चोरून रेकॉर्ड करणाऱ्या नवऱ्याचा तो पुरावा नाकारला होता. मात्र 14 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वैवाहिक दाव्यात असे रेकॉर्डिंग दाखल करता येते.

म्हणजे मित्राचे बरोबर? पूर्ण नाही. दाखल करता येणे वेगळे आणि खरे ठरणे वेगळे.

जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला झाला. त्यात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर केले नाही, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक सेकंद कापला तरी ठसा बदलतो. पण ठसा घेण्याआधीच काही कापले असेल, तर ते हॅश सांगत नाही. ते तपासणारे लोक वेगळे. मी बँकेच्या ॲपची बटणे बनवतो.

मी सही केली नाही. "मूळ फोन जपून ठेव, वकिलाला विचार, फॉरेन्सिकवाल्याकडे जा," एवढे सांगितले. तो चिडला. अजून फोन उचलत नाही.

मंडळी, आपल्यातले निम्मे आयटीत. असा कागद तुमच्याकडेही येईल. सही करण्याआधी आठवा, त्या फाइलमधला आवाज कोणाचा तरी आहे. मी त्या आवाजाला दहा वर्षे 'वहिनी' म्हणतोय.