फेकून दिलेल्या अंकांची किंमत

मार्च 1938मध्ये क्लीव्हलँड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या विशीतल्या दोन मित्रांच्या हाती 412 डॉलरचा एक चेक पडला. त्यातले 130 डॉलर त्यांनी घडवलेल्या एका पात्राच्या सगळ्या हक्कांचे होते. पात्राचं नाव सुपरमॅन. तो कागदी चेक 2012मध्ये लिलावात 1 लाख 60 हजार डॉलरना गेला. सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात झळकला, त्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची मूळ किंमत दहा सेंट होती. त्याची एक प्रत एप्रिल 2024मध्ये 60 लाख डॉलरना विकली गेली.

जुने सुपरहिरो कॉमिक्स जमवणाऱ्यांची बातमी आपल्यापर्यंत येते ती अशा आकड्यांमुळे. आकड्यांनी डोळे दिपतात आणि मूळ प्रश्न मागे राहतो. हा अंक सुमारे दोन लाख प्रतींत छापला होता. आज त्यातल्या शंभरेक प्रती शिल्लक असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. मग बाकीच्या गेल्या कुठे?

त्या गेल्या कचऱ्यात, चुलीत आणि लगद्यात. कॉमिक हा मुलांच्या खिशातल्या सुट्ट्या पैशांचा माल होता. गुंडाळी करून पँटच्या मागच्या खिशात कोंबायचा, मित्राशी अदलाबदल करायची, फाटला की टाकून द्यायचा. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेतली मुलं घरोघर फिरून रद्दी गोळा करत होती. त्या रद्दीत असंख्य कॉमिक्स गेले. युद्धानंतर मोठ्यांचा राग सुरू झाला. 1948मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये कॉमिक्सची जाहीर होळी झाली. 1954मध्ये फ्रेडरिक वर्दम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्स मुलांना बिघडवतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं, सिनेटपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. आजच्या संग्राहकाला मोजावी लागणारी किंमत ठरली ती या तिरस्काराने. सगळ्यांनी अंक जपले असते, तर त्यांना कुणी विचारलं नसतं.

आणि जपले ते बहुतेक अपघातानेच. या छंदातली सर्वांत मोठी कथा डेन्व्हरच्या एडगर चर्च यांची. टेलिफोन डिरेक्टरीतल्या जाहिरातींसाठी चित्रं काढणं हा त्यांचा व्यवसाय. संदर्भासाठी म्हणून ते मासिकं आणि कॉमिक्स विकत घ्यायचे आणि घरातल्या कपाटांत एकावर एक रचून ठेवायचे. 1977मध्ये चक रोझान्स्की या तरुण विक्रेत्याने तो साठा घेतला, तेव्हा अठरा ते बावीस हजार अंक निघाले. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे असूनही रंग ताजे, पानं पांढरी! ‘अॅक्शन’च्या पहिल्या अंकाची ज्ञात प्रतींतली सर्वांत उत्तम प्रत याच साठ्यातली मानतात. चर्च यांनी कुठली खास काळजी घेतली नव्हती. डेन्व्हरची हवा कोरडी, कपाटांत अंधार, आणि थप्पीच्या वजनाने अंक सपाट दाबलेले. तिन्ही गोष्टी जुळून आल्या.

हे समजायला कागदाकडे पाहावं लागतं. कॉमिक्स छापले जात ते वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावर. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात तसंच राहतं. हवा आणि प्रकाश लागला की ते पिवळं पडतं आणि आम्ल तयार होतं. आम्ल तंतू तोडतं, म्हणून जुनं पान दुमडलं की पापडासारखं मोडतं. उष्णता आणि दमटपणा या क्रियेला वेग देतात. पिनांना गंज चढतो आणि तो गंज कागद खातो. अंक छापला जातो त्या दिवसापासूनच तो नाहीसा होऊ लागलेला असतो. संग्राहक फक्त ती गती कमी करू शकतो. खरा छंद तिथे आहे असं मला वाटतं, खरेदीत नाही.

खरेदीविक्रीची व्यवस्था मात्र आता चांगलीच बसलेली आहे. 1970मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची किंमत-सूची निघाली आणि विक्रेत्याच्या तोंडी भावाला लेखी आधार मिळाला. 2000पासून सीजीसी ही कंपनी अंक तपासून 0.5 ते 10 असा दर्जा देते आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करते. पेटीवरची निळी पट्टी म्हणजे नेहमीची प्रत. जांभळी म्हणजे डागडुजी केलेली. रंग भरलेली किंवा जोडकाम केलेली प्रत दिसायला सुंदर असली तरी तिचा भाव बराच खाली येतो. नवशिक्याने शिकायचा पहिला धडा हाच. या पेट्यांमुळे फसवणूक कमी झाली, हे खरं. पण सीलबंद अंक वाचता येत नाही. लाखोंच्या प्रतीला ते ठीक. चार-पाचशे रुपयांचा अंक कायमचा बंद करून ठेवणं मला त्या अंकावरचा अन्याय वाटतो.

गुंतवणूक म्हणून या छंदात उतरणाऱ्यांनी नव्वदच्या दशकाचा इतिहास जरूर वाचावा. जुन्या अंकांचे भाव ऐकून लोक नवे अंक गठ्ठ्यांनी घेऊ लागले. 1991च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या 80 लाखांहून अधिक प्रती खपल्या. 1992च्या नोव्हेंबरमध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत आला. दुकानांपुढे रांगा लागल्या आणि अनेकांनी पिशवी न फोडताच तो ठेवून दिला. सगळ्यांनीच ठेवला, म्हणून आज तो सहज आणि स्वस्तात मिळतो. काही वर्षांतच बाजार कोसळला, असंख्य दुकानं बंद झाली आणि 1996च्या डिसेंबरमध्ये मार्व्हल कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

आपल्या घराजवळचा संग्रह म्हणजे ‘इंद्रजाल कॉमिक्स’. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च 1964मध्ये ते सुरू केले. पुढे ‘अमर चित्रकथा’ उभी करणारे अनंत पै तेव्हा तिथेच होते. नायक होता ली फॉक यांचा फँटम, मराठी वाचकांचा वेताळ. अंगाला घट्ट बसणारा वेश आणि डोळ्यांवर मुखवटा घालणारा हा वीर फेब्रुवारी 1936मध्ये, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी, अमेरिकी वर्तमानपत्रांत अवतरला होता. बांगला नावाच्या त्याच्या देशाचं इंद्रजालमध्ये डेंकाली झालं. त्याच्या जोडीला मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि 1976मध्ये आबिद सुरती यांचा अस्सल भारतीय बहादूरही. 1990मध्ये मालिका थांबेपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले. 123 आणि 124 हे क्रमांक कधी छापलेच गेले नाहीत. संपामुळे ते राहिले. नवे संग्राहक हे दोन अंक शोधत हिंडतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

या अंकांचं नशीब अमेरिकेपेक्षा वेगळं नव्हतं. सुट्टी संपली की रद्दीवाल्याकडे. ज्यांनी जपले त्यांनी दहा-वीस अंकांचं बाइंडिंग करून घेतलं. त्यात कडा कापल्या गेल्या, शिलाईने मधली चित्रं गिळली. तरीही अशी बांधीव प्रत मिळाली तर सोडू नये, कारण ती वाचता येते. फोर्टच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांच्या ढिगात असं काहीतरी अजूनही हाती लागू शकतं. इंग्रजी अंकांमागे धावणारे पुष्कळ आहेत. मराठी अंक आपणच जपले नाहीत तर दुसरं कोण जपणार?

जपण्यासाठी खर्च फार नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा चिकटा कागदात उतरून कायमचा तपकिरी पट्टा पडतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. रबरबँडने गठ्ठे बांधू नका. प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून, खोक्यात उभा ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात खोका बाहेरच्या भिंतीला लागून नको. ओल तिथूनच येते. पाऊस सरला की एकदा सगळे अंक बाहेर काढून, उन्हात नव्हे तर सावलीत, वारा द्या आणि पिना तपासा.

नोव्हेंबर 2025मध्ये ‘सुपरमॅन’ कॉमिकचा 1939 सालचा पहिला अंक 91 लाख डॉलरना विकला गेला. कॅलिफोर्नियातल्या तीन भावांना तो आईच्या घराच्या माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडला होता. तुमच्या माळ्यावरच्या वेताळाला असा भाव येणार नाही. तरीही या दिवाळीच्या साफसफाईत जुनी ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी उघडून पाहा, आणि त्यात मराठी इंद्रजाल निघाला तर आधी त्याचा क्रमांक आणि साल टिपून ठेवा.